चित्रपुस्तकाचा तक्ता होतो तेव्हा

पहिलीचा वर्ग. बाई खुर्ची सोडून सतरंजीवर मुलांसमोर बसल्या आहेत. हातात उघडलेले चित्रपुस्तक. पानावर धुळीचा रस्ता आणि रस्त्यावर कापसाने भरलेली बैलगाडी.

“हे काय आहे?” बाई विचारतात.

“बैल!” सगळा वर्ग एका सुरात.

“आणि हे?”

“बंडी!”

“बंडी नाही, बैलगाडी. काय म्हणायचं?”

“बैलगाडी!”

मागे बसलेला एक मुलगा म्हणतो, “बाई, हा बैल मारका हाये.” बाई म्हणतात, “शू! विचारलं तेवढंच सांगायचं.” आणि पान उलटते.

हा प्रसंग कुणा एका शाळेतला किंवा कुणा एका बाईंचा नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या, आणि खरे तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात चित्रपुस्तक उघडले की जे बोलणे ऐकू येते त्याचा हा नमुना आहे. बाईंना दोष देण्यासाठी तो मांडलेला नाही. वर्गात पुस्तक आणणाऱ्या, ते उघडून मुलांसमोर धरणाऱ्या, स्वतः जमिनीवर बसणाऱ्या शिक्षिकेने अर्धी लढाई जिंकलेली असते. प्रश्न उरलेल्या अर्ध्या लढाईचा आहे.

मागे बसलेल्या त्या मुलाने काय केले? बैलाची खाली गेलेली मान, रोखलेली शिंगे, गाडीवानाने ताणून धरलेला कासरा हे त्याने पाहिले आणि त्यावरून एक निष्कर्ष काढला. तो चूक असेल किंवा बरोबर. पण तो चित्रातल्या पुराव्यावर उभा होता. साहित्यसमीक्षेत आपण याला अर्थनिर्णयन म्हणतो. बाकीचा वर्ग नावे सांगत होता. एकटा हा मुलगा पुस्तक वाचत होता, आणि गप्प बसवले गेले तेही त्यालाच.

लहान मुलांशी चित्रपुस्तकावर होणारी चर्चा ही केवळ अध्यापनाची बाब मानून आपले समीक्षक ती शिक्षणशास्त्राकडे सोपवून मोकळे होतात. प्रस्तुत लेखात ती समीक्षेच्या अंगाने पाहायची आहे. कारण चित्रपुस्तक हा साहित्यप्रकारच असा आहे की बोलण्यावाचून तो पुरा होत नाही.

तक्ता आणि पुस्तक

मुलांसाठी चित्रांसह छापलेल्या पुस्तकांचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक योहान आमोस कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञापासून सुरुवात करतात. त्याचे ‘ऑर्बिस सेन्शुअलिअम पिक्टस’ हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापले गेले. त्याची रचना साधी होती. पानावर एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना क्रमांक आणि त्या क्रमांकांपुढे लॅटिन व जर्मन भाषेत त्या वस्तूंची नावे. जग पाहायचे आणि त्याला नाव द्यायचे, ही त्यामागची कल्पना. त्या काळातल्या शुष्क पाठांतराच्या मानाने हे फार मोठे पाऊल होते, आणि पुढे शतकाहून अधिक काळ युरोपातली मुले या पुस्तकावर शिकली.

आपल्या वर्गांतला फळे-फुले-पक्ष्यांचा तक्ता याच घराण्यातला. शाळेच्या ‘बोलक्या भिंती’ही त्यातल्याच. भिंतीवर मोर असतो, मोराखाली ‘मोर’ असे लिहिलेले असते आणि त्या मोराला दुसरे काही करायचे नसते. तक्त्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो: हे काय आहे? त्याचे उत्तरही एकच असते. तक्त्याच्या बाबतीत हे योग्यच आहे.

चित्रपुस्तक मात्र दुसऱ्या घराण्यातले आहे. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकार-लेखिकेचे ‘रोझीज वॉक’ हे १९६८ सालचे पुस्तक या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. त्यात एकूण ३२ इंग्रजी शब्द आहेत आणि ते सगळे मिळून एकच वाक्य होते. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते, अंगण, तळे, गवताची गंजी असे काय काय ओलांडते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच ते वाक्य सांगते. चित्रांत मात्र पहिल्यापासून रोझीच्या मागे एक कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि दर वेळी फजीत होतो. दाताळ्यावर पाय पडून दांडा तोंडावर बसतो, तो तळ्यात पडतो, गंजीत बुडतो, शेवटी मधमाश्या त्याच्या पाठीस लागतात. शब्दांमध्ये कोल्ह्याचा उल्लेखही नाही. तो चित्रातच आहे.

हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला शब्दांतून काहीच कळत नसते आणि ऐकणाऱ्या मुलाला चित्रातून सगळे दिसत असते. मूल ओरडते, “कोल्हा! मागे कोल्हा!” त्या क्षणी पुस्तक पुरे होते. मुलाने ओरडावे यासाठीच लेखिकेने ते वाक्य मुके ठेवले आहे. मुलाला शांत बसवून हे पुस्तक वाचले तर हाती उरते ती एका कोंबडीची कंटाळवाणी चाल.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतला फरक इथे आहे. सचित्र पुस्तकात चित्र शब्दांची सोबत करते. ते काढून टाकले तरी गोष्ट उभी राहते. चित्रपुस्तकात गोष्ट शब्द आणि चित्र यांच्या मधल्या जागेत असते आणि ती जागा भरण्याचे काम पाहणाऱ्याकडे असते. पाच-सहा वर्षांचे मूल हे काम मनात करत नाही, बोलून करते. म्हणून चर्चा हा चित्रपुस्तकाच्या वाचनानंतरचा उपक्रम नसून ते वाचनच आहे. आणि आपल्या वर्गांत नेमके हेच हरवते. पुस्तक आणले जाते, पण त्याला विचारला जातो तक्त्याचा प्रश्न. मग पुस्तकाचाही तक्ता होतो.

पान उलटण्यापूर्वी

तक्ता होण्याचा दुसरा मार्ग तात्पर्याचा. चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचे ‘महागिरी’ हे भारतीय चित्रपुस्तकांतले एक जुने आणि गाजलेले पुस्तक. गोष्ट हेमलता यांची, चित्रे पुलक बिस्वास यांची. महागिरी नावाच्या हत्तीला एक खांब खड्ड्यात उभा करायला सांगतात. हत्ती खांब उचलून आणतो आणि खड्ड्यापाशी थबकतो. काही केल्या तो खांब खाली सोडत नाही. माहूत चिडतो, त्याला मारतो. शेवटी कळते की खड्ड्यात मांजराचे पिल्लू आहे. हत्ती पिल्लू बाहेर काढतो आणि मगच खांब खड्ड्यात उतरवतो.

या पुस्तकातली मोलाची जागा म्हणजे हत्ती थांबला आहे आणि पान अजून उलटलेले नाही तो क्षण. “तो ऐकत का नसेल?” एवढे विचारून बाई थांबल्या तर वर्गातून काय येईल याचा अंदाज आपण करू शकतो. तो दमला असेल. त्याला भूक लागली असेल. त्याला माहूत आवडत नसेल. खड्ड्यात साप असेल. यातले एकही उत्तर पुस्तकातले नाही आणि तरीही प्रत्येक उत्तर पुस्तकाचेच आहे, कारण पुस्तकाने ती जागा रिकामी ठेवली आहे.

आपल्याकडे बहुधा होते ते असे: गोष्ट एका दमात संपवली जाते आणि विचारले जाते, “या गोष्टीतून आपण काय शिकलो?” मुले सांगतात, “प्राण्यांवर दया करावी.” उत्तर चूक नाही, पण ते पुस्तक न उघडताही देता आले असते. शिवाय त्या उत्तरामागे एक अधिक अवघड गोष्ट झाकली जाते. महागिरीने आज्ञा मोडली होती. मोठ्या माणसाने सांगितलेले त्याने ऐकले नाही, मार खाल्ला, आणि बरोबर तोच होता. मग माहुताने त्याला मारले ते योग्य होते का? पिल्लू दिसल्यावर माहुताला काय वाटले असेल? मुलांना बोलू दिले तर हा प्रश्न येणारच, आणि आला की तो खड्ड्याशी थांबत नाही. घरी येतो, वर्गात येतो, कधी बाईंच्या हातातल्या पट्टीपर्यंतही येतो. तात्पर्य विचारण्याची आपल्याला इतकी घाई का असते, याचे एक कारण कदाचित हे असावे.

जवळचे पुस्तक, दूरचे पुस्तक

मराठीत या प्रकारात ज्यांनी सर्वांत सातत्याने आणि जाणीवपूर्वक काम केले त्या म्हणजे माधुरी पुरंदरे. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. त्यांच्या पुस्तकांत शब्द कुठे थांबवायचे हे चित्र ठरवते आणि चित्रात काय ठेवायचे हे शब्द ठरवतात. ‘राधाचं घर’मधली छोटी पुस्तके घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देतात. ‘चित्रवाचन’मध्ये गोष्ट लिहिलेलीच नाही, माणसांनी गजबजलेली दृश्ये आहेत आणि त्यांतून गोष्टी शोधायच्या आहेत. या पुस्तकाच्या नावातच एक भूमिका आहे. चित्र हे वाचायचे असते. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा या भूमिकेलाही उशिराने का होईना मान्यता मिळाली, असे मला वाटते.

या पुस्तकांबद्दल एक आक्षेप वारंवार घेतला जातो. राधाचे घर शहरी, मध्यमवर्गीय घर आहे. मोताळ्याच्या किंवा लोणारच्या मुलाचे तिथे काय आहे? आक्षेप खोटा नाही. मराठी चित्रपुस्तकांचे जग अजून मोठ्या प्रमाणात पुण्या-मुंबईच्या घरांचे आहे. सोयाबीनच्या सोंगणीला गेलेली आई, उसतोडीला गेलेले आईबाप आणि मागे आजीजवळ राहिलेले मूल, सिमेंटची शाळा आणि पत्र्याचे घर हे अनुभव चित्रपुस्तकात क्वचित दिसतात. ते दिसले पाहिजेत, आणि ते काढणारे चित्रकार याच भागातून यायला हवेत.

पण हा आक्षेप इथेच थांबवला तर आपली फसगत होते. जवळचे चित्र म्हणजे आपोआप चांगली चर्चा, असे नाही. लेखाच्या आरंभी आलेली कापसाची गाडी त्या मुलांच्या दारातली होती, तरी तिचा तक्ता झालाच. उलट, राधाच्या घरासारखे दूरचे घर समोर ठेवून “तुमच्या घरात हे असं आहे का?” असे विचारले तर चर्चा सुरू होते. राधाच्या घरातला काका पाहून कुणाला आपला सुरतेला कामाला गेलेला काका आठवेल. पुस्तकातली आजी आणि आपली आजी यांत काय वेगळे आहे हे सांगताना मूल आपल्या आजीचे जे वर्णन करील, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. दूरचे पुस्तक अडथळा ठरते ते त्याला प्रश्न विचारायची मुभा नसते तेव्हा. मुभा असेल तर वर्गातली मुलेच त्या पुस्तकावर टीका करतात: “यायच्या घरी गाय कुठं हाये?” हा प्रश्न विचारणारे मूल वर उल्लेखलेला आक्षेपच घेत असते, फक्त आपल्यापेक्षा थोडक्यात.

प्रश्न कसे विचारावेत

चित्रावर मुलांशी कसे बोलावे यावर भारतात झालेल्या लेखनात कृष्ण कुमार यांची ‘द चाइल्ड्स लँग्वेज अँड द टीचर’ ही युनिसेफने १९८६ साली काढलेली छोटी पुस्तिका मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. चित्रावरच्या बोलण्याचे त्यांनी पाच प्रकार सांगितले आहेत. चित्रात काय आहे ते शोधणे, जे दिसते त्याचे कारण लावणे, चित्रातल्या कुणाच्या तरी जागी स्वतःला ठेवून पाहणे, पुढे काय होईल याचा अंदाज करणे आणि चित्राचे आपल्या अनुभवाशी नाते जोडणे.

कापसाच्या गाडीचे तेच चित्र घेऊ. गाडीत किती माणसे आहेत, हे शोधणे झाले. गाडीवानाने कासरा का ताणला, हे कारण. तू त्या ढिगावर बसला असतास तर तुला काय दिसले असते, ही दुसऱ्याच्या जागी जाण्याची रीत. गाडी कुठे चालली असेल, खामगावच्या बाजारात की घरी, हा अंदाज. आणि “तुमच्याकडे कापूस कोण वेचतं?” हे नाते. आपल्या वर्गांतली चर्चा बहुतांशी पहिल्या प्रकारात अडकते आणि त्यातही शोधण्याऐवजी नुसते नाव सांगण्यावर येऊन थांबते. “हा बैल मारका हाये” हे दुसऱ्या प्रकारचे वाक्य होते. ते कुणी विचारलेले नव्हते, म्हणून कुणाला ऐकूही आले नाही.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाचा इथे उल्लेख करायला हवा. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी चित्रपुस्तक वाचण्याची एक रीत शिकवली. हो-नाहीचे प्रश्न कमी करायचे, मोकळे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत करायचे. दुसऱ्या गटातले पालकही मुलांना वाचून दाखवतच होते, पण आपल्या नेहमीच्या पद्धतीने. महिनाभरात पहिल्या गटातली मुले बोलण्यात पुढे गेली. वाचून दाखवणे दोन्हीकडे होते. फरक पडला तो बोलण्याच्या पद्धतीने.

इंग्रज लेखक-शिक्षक एडन चेंबर्स यांनी १९९३ च्या ‘टेल मी’ या पुस्तकात एक सूक्ष्म गोष्ट दाखवली आहे. मुलाने काही म्हटले की मोठी माणसे लगेच “का?” असे विचारतात, आणि त्या “का”ला उलटतपासणीचा सूर येतो. मूल गप्प होते. त्याऐवजी “सांग की मला” असे म्हणावे. मराठीत हे फार सहज जमते. “का आवडलं?” यात परीक्षा आहे, “सांग ना, काय काय आवडलं” यात नाही. आपल्या भाषेतला हा ‘ना’ वर्गात शिरताना बाहेर का राहतो?

या सगळ्या मांडणीला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. व्हाइटहर्स्ट यांच्या प्रयोगात एका मोठ्या माणसासमोर एक मूल होते. आपल्या अंगणवाडीत एका सेविकेसमोर वीस-पंचवीस मुले असतात, पुस्तकाची प्रत एक असते आणि मागच्या मुलाला पान दिसतही नाही. एका सुरात उत्तर देण्याची पद्धत ही काही अंशी या गर्दीवरचा तोडगा आहे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कृष्ण कुमारांचे पाच प्रकारही तक्ता होऊ शकतात. २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून पायाभूत वाचनाकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष वळले ही चांगली गोष्ट आहे. पण प्रश्नांचे प्रकार रकान्यांत मांडून त्यांपुढे खुणा करायच्या झाल्या तर बाई पाचही प्रश्न विचारतील आणि एकाही उत्तराची वाट पाहणार नाहीत. प्रश्न मोकळा आहे की नाही हे त्याच्या शब्दांवरून कळत नाही. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे का, यावरून ते मुलांना बरोबर कळते.

एकच चित्र, अनेक भाषा

बुलडाणा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जिल्ह्याचे लोक स्वतःची ओळख घाटावरचे आणि घाटाखालचे अशी करून देतात. घाटावर सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार भागांत मराठवाड्याची लकब ऐकू येते. घाटाखाली मलकापूरच्या बाजूला खानदेशी छटा आहे. या सगळ्यांत वऱ्हाडी पसरलेली आहे. इथल्या घरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू, गुडघ्याला टोंगळा, शेताला वावर आणि कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी. “हे काय आहे?” या प्रश्नाला जेव्हा एकच उत्तर चालते, तेव्हा या मुलांचे घरचे उत्तर चूक ठरते. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत शिकायला मिळणारी पहिली गोष्ट ही असते की आपल्या आईला वस्तूंची नावे नीट येत नाहीत.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा नाही. ती शिकवलीच पाहिजे. तिच्यावाचून या मुलांना पुढचे दरवाजे उघडत नाहीत. पण ‘बंडी नाही, बैलगाडी’ आणि ‘आपण बंडी म्हणतो, पुस्तकात बैलगाडी लिहिलंय’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्याने मुलाला दोन शब्द मिळतात. पहिल्याने एक मिळतो आणि एक जातो.

सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, हे अंतर आणखी वाढते. इथे कोरकू, भिलाला आणि निहाल समाजांची वस्ती आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत बोलली जाणारी निहाली ही भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे, आपल्याला मात्र फारशी ठाऊक नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात तिची नोंद आहे. डच पंडित एफ. बी. जे. कॉयपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग कोरकू, मराठी अशा शेजारच्या भाषांतून आलेला आहे. पण त्याखाली एक थर असा आहे की त्याचे नाते इंडो-आर्यन, द्राविड, मुंडा कुठल्याच कुळाशी लागत नाही. जगात अशा एकाकी भाषा थोड्या आहेत आणि त्यांतली एक आपल्या जिल्ह्यात आहे. बोलणारे लोक साधारण दोन-अडीच हजार. दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा जनगणनेच्या तक्त्यांत स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे तिथेही तिचे नाव नाही.

या भाषेत पाठ्यपुस्तके निघावीत ही अपेक्षा आज व्यवहार्य नाही. पण चित्रपुस्तकाला भाषा लागते ती फक्त अर्धी. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिकेने हे फार पूर्वी दाखवले. तीच चित्रे, तीच पाने. मजकूर मात्र मराठी, तमिळ, बंगाली, ओडिया असा बदलत जातो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ने २०१५ पासून हेच काम महाजालावर मोकळे केले, तिथे कुणीही गोष्टीचे आपल्या भाषेत रूपांतर करू शकतो. म्हणजे चित्र कुठल्या एका भाषेच्या मालकीचे नाही. वर्गात ‘चित्रवाचन’सारखे शब्दाविना पुस्तक उघडले आणि निहाल घरातल्या मुलीला “तुझ्या घरी याला काय म्हणतात?” असे विचारले, तर त्या क्षणी बाई शिकणाऱ्या होतात आणि मुलगी सांगणारी. तो शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिला, शेजारी कोरकू आणि मराठी शब्द लिहिला, तर त्या फळ्यावर कदाचित दुसरीकडे कुठेही लिहिला न गेलेला शब्द उमटलेला असेल. मुलांच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा ‘शक्य तेथवर’ या शब्दांच्या आडोशाने सांगतो. या एका प्रश्नात ते शक्य आहे, आणि त्याला वेगळा खर्च लागत नाही.

एकानेच वाचायचे का?

याच जळगाव जामोद तालुक्यातली भेंडवळची घटमांडणी सर्वांना ठाऊक आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये आणि इतर पदार्थ ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रीतून काय हलले, काय तसेच राहिले ते पाहून पाऊस-पिकाचे भाकीत सांगतात. भाकिताच्या खरेखोटेपणात मला इथे शिरायचे नाही. मला त्यात दिसते ते वाचन. जमिनीवर मांडलेले एक चित्र असते, त्यातले बदल खुणा मानून त्यांचा अर्थ लावला जातो. पण अर्थ लावण्याचा अधिकार परंपरेने एका घराण्याकडे आहे. बाकीचे शेकडो लोक भोवती उभे राहून ऐकतात.

आपला वर्ग पुष्कळदा असाच असतो. चित्र सगळ्यांसमोर आहे, वाचायचा अधिकार एकाकडे. महाराष्ट्रातली चित्रकथीची परंपराही, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपलेली, एका अर्थी हेच करते: चित्र सर्वांना दिसते, कथा एकाच्या तोंडून येते. तिथे ते शोभते, कारण तो प्रयोग आहे. शाळेत मात्र प्रत्येक मुलाला स्वतः वाचता यायला हवे.

यासाठी काय करता येईल, हे अनेक शिक्षिकांनी आपल्यापुरते शोधून काढले आहे. पुस्तक अख्ख्या वर्गासमोर न धरता सहा-सात मुलांना घेऊन बसायचे, तोवर बाकीच्यांना चित्र काढायला द्यायचे. तेच पुस्तक आठवड्यात तीनदा वाचायचे. पहिल्यांदा मुले गोष्ट पाहतात, तिसऱ्यांदा कोपरे पाहू लागतात. प्रश्न विचारून मनातल्या मनात पाच अंक मोजायचे. मूल वेगळे काही म्हणाले तर “कुठं दिसलं तुला? दाखव” एवढेच म्हणायचे. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यात मुलाचे म्हणणे मान्यही केलेले नाही आणि फेटाळलेलेही नाही. पुराव्याकडे बोट करायला सांगितले आहे. काहीही बोललेले चालते अशी मोकळीक म्हणजे चर्चा नव्हे. चित्राला धरून बोलावे लागते, ही शिस्त तिच्यात आहेच.

ताराबाई मोडकांनी १९४५ च्या सुमारास बोर्डीला मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी त्यांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यातले अंगण किती गेले हे तपासायला हवे. अंगणात मूल आपल्या भाषेत बोलते आणि बोलायला हात वर करत नाही.

समीक्षेचा वाटा

शेवटी आपल्याबद्दल, म्हणजे हा लेख लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांबद्दल. मराठीत चित्रपुस्तकांची परीक्षणे येतात ती बहुधा गोष्टीचा सारांश, भाषेची स्तुती आणि ‘चित्रे आकर्षक आहेत’ हे एक वाक्य अशा घडणीची. चित्रात काय लपवले आहे, शब्द कुठे मुद्दाम गप्प आहेत, पान कुठल्या क्षणी उलटते, याची चर्चा होत नाही. मग बाईंनी पुस्तकाला तक्त्याचा प्रश्न विचारला तर नवल काय? आम्ही समीक्षकांनीही त्याला तोच विचारला होता. चित्र पाहायला आपल्यालाही कुणी शिकवलेले नाही.

ज्या पुस्तकावर मुले वेगवेगळे बोलू शकतात ते चांगले चित्रपुस्तक, ज्यावर सगळी एकच बोलतात ते सुबक छापलेला तक्ता. पुरस्कार देणाऱ्या समित्यांनी, ग्रंथखरेदी करणाऱ्या खात्याने आणि परीक्षणे लिहिणाऱ्यांनी पुस्तक एकदा सहा वर्षांच्या पाच मुलांसमोर उघडून बसावे आणि अर्धा तास फक्त ऐकावे. बऱ्याच निवडी बदलतील.

आणि तो मागे बसलेला मुलगा? बैल मारका होता की नाही, हे अजून ठरायचे आहे. बाईंनी पान मागे घेऊन विचारले असते, “कुठं दिसलं तुला? दाखव,” तर तो उठून पुढे आला असता. खाली गेलेल्या मानेवर त्याने बोट ठेवले असते. कुणीतरी म्हटले असते, “नाही रे, तो फक्त दमला हाये, बंडी जड हाये ना.” मग त्या वर्गात एका चित्रावर दोन मते झाली असती, आणि बंडीत किती कापूस आहे हे पाहायला बाकीची मुलेही पुढे सरकली असती.